गवळाऊ कळपाला वळू एक की चार?

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या गवळाऊ जातीच्या गाईंचा 40 चा कळप धरा. पर्याय दोन: शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, नाव काढलेला एकच वळू, किंवा साधे पण वेगवेगळ्या घरचे चार.

एका वळूचा फायदा उघड आहे. खर्च कमी, आणि चपळाई पुढच्या पिढीत उतरण्याची आशा. हिशोब मात्र बोचरा निघतो. चार गुणिले नर गुणिले माद्या, भागिले दोघांची बेरीज, हे प्रभावी संख्येचं, म्हणजे जनुकांच्या हिशोबात कळप खरा किती मोठा आहे याचं सूत्र. एका वळूवर 41 जनावरांचा कळप जनुकांच्या दृष्टीने जेमतेम 4 चा उरतो. चार वळूंवर ती संख्या साडेचौदा होते. पहिल्या कळपात दर पिढीला सुमारे 13 टक्के विविधता गळते, दुसऱ्यात साडेतीन.

आणि काय गळेल हे कोणी निवडत नाही. चपळाई आपण निवडतो; पण कामाला ना फायद्याचे ना तोट्याचे असे जनुकांचे असंख्य फरक निव्वळ योगायोगाने टिकतात किंवा संपतात. यालाच जनुकीय विचलन म्हणतात. रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल असेच तटस्थ असतात, असं जपानी जनुकशास्त्रज्ञ मोतू किमुरा यांनी 1968 मध्ये मांडलं. आज तटस्थ असलेला फरक उद्या नव्या रोगात कामी येऊ शकतो, हे आखरावरच्या (गावची गुरं जमतात त्या जागेवरच्या) चर्चेत कोणी धरत नाही.

माझं मत चार वळूंना. तेवढे पोसणं जमत नसेल, तर एकच ठेवा, पण दर दोन-तीन वर्षांनी शेजारच्या गावाशी अदलाबदल करा. बाहेरची थोडीशी जनुकंही ही गळती बरीच रोखतात.