टकरची एजन्सी की कायझर-फ्रेझरची? १९४७ चं शोरूम बनवायला घेतलेल्या मित्रासाठी

मागच्या आठवड्यात मित्राचा मेसेज आला. सनबोर्ड आणलाय, फेविकॉल आणलाय, १:२४ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढं, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेतलं एखादं छोटं कार शोरूम करायचंय, फोर्ड शेवरले तर सगळेच करतात, मला बंद पडलेल्या कंपनीचं पाहिजे, बोल टकर का कायझर-फ्रेझर. फोनवर अर्धा तास बोललो तरी बरंच राहिलं, म्हणून आता सगळं नीट लिहून काढतोय.

पहिली गोष्ट म्हणजे टकर घेतलंस तर शोरूममध्ये विकायला गाडी ठेवता येणार नाही. हसू नको, खरंच. प्रेस्टन टकरने गाडी बनायच्या आधी एजन्स्या विकल्या, देशभरात दोन हजारांच्या घरात, आणि गाड्या बनल्या किती, तर प्रोटोटाइप, म्हणजे नमुन्याची पहिली गाडी, धरून ५१. भागाकार तूच कर, चाळीसेक एजन्स्यांमागे एक गाडी पडते. म्हणजे बहुतेकांनी जागा घेतली, पैसे भरले, आणि वाट बघत बसले. आणि नेमकं मॉडेल मिळायला सोपं आहे ते टकरचंच, तीन हेडलाइटवाली ती सुंदर गाडी १:४३ पासून १:१८ पर्यंत मिळते, त्यामुळे हात शिवशिवणार की एक मधोमध उभी करावी. करशील तर दिसेल झकास पण ते खोटं शोरूम होईल.

लोकांनी एवढे पैसे का दिले हे समजून घे, कारण दोन्ही कंपन्यांना कारण एकच लागू पडतं. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत सामान्य माणसासाठी गाड्या बनवणं बंद झालं, कारखाने रणगाडे आणि विमानं बनवायला लागले. १९४५ ला युद्ध संपलं तेव्हा लोकांच्या गाड्या पार खिळखिळ्या झालेल्या, खिशात साठलेला पैसा, आणि नवीन गाडीसाठी ही मोठी वेटिंग लिस्ट. जो कोणी चार चाकं पुरवेल त्याच्या दारात रांग. पण मोठ्या कंपन्यांची एजन्सी नवख्याला कोण देणार, तिथे आधीचे लोक बसलेले होतेच. मग ज्याला या धंद्यात घुसायचंय त्याला नवीन कंपनी हाच दरवाजा.

आता टकर. शिकागोला जिथे युद्धात बी-२९ विमानांची इंजिनं बनायची तो अजस्र कारखाना त्याने मिळवला, १९ जून १९४७ ला हजारो लोकांसमोर गाडी दाखवायची ठरली, आणि ऐन वेळी सस्पेंशनचे भाग मोडले, तिकडे स्टेजमागे जोडाजोडी चालू आणि इकडे पब्लिक ताटकळत. प्रोटोटाइपला रिव्हर्स नाही अशी बातमी पण मग फिरली. एजन्सीवाल्याच्या जागी स्वतःला ठेवून बघ, पैसे भरून झालेत आणि पेपरात हे वाचतोय.

पण खरा मसाला पुढे आहे. टकरने ॲक्सेसरीजची स्कीम काढली, गिऱ्हाइकाने आत्ताच सीट कव्हर, रेडिओ आणि बॅगांचा सेट विकत घ्यायचा, म्हणजे गाडी येईल तेव्हा रांगेत त्याचा नंबर आधी. यातून सुमारे २० लाख डॉलर जमले. गाडी नाही पण तिची सीट कव्हरं आहेत! आपल्याकडे फ्लॅटचा पाया खोदायच्या आधी पार्किंग विकतात त्यातलाच प्रकार. ही स्कीम आणि एजन्स्या विकण्याची पद्धत एसईसीच्या, म्हणजे तिकडच्या सेबीच्या, डोळ्यावर आली, चौकशी लागली, १९४९ च्या ऑक्टोबरमध्ये खटला उभा राहिला आणि जानेवारी १९५० मध्ये टकर आणि त्याचे सहकारी निर्दोष सुटले. तोपर्यंत कारखाना हातातून गेलेला, आणि चिडलेल्या एजन्सीवाल्यांचे दावे मात्र शिल्लक. तो ठग होता की मोठ्या कंपन्यांनी त्याला संपवलं यावर लोक आजही भांडतात. मला विचारशील तर माणूस प्रामाणिक होता आणि हिशोबात कच्चा होता, आणि एजन्सीवाल्याला दोन्हीत फरक पडत नाही.

तर टकरचं शोरूम म्हणजे स्वच्छ पुसलेली फरशी, मधली जागा मोकळी, भिंतीवर गाडीचं मोठं चित्र, काउंटरवर सीट कव्हरांचे नमुने आणि बॅगा, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतंय. करायला स्वस्त, बघणाऱ्याला दोन मिनिटं समजणार नाही आणि मग समजलं की एकदम लागेल. एका रविवारचं काम आहे हे पण, तुला तीन महिन्यांचा प्रोजेक्ट हवा असेल तर पुरणार नाही.

कायझर-फ्रेझरचं प्रकरण उलटं आहे, इथे गाड्या आल्या, आणि मग जास्तच आल्या.

हेन्री कायझर म्हणजे युद्धात लिबर्टी नावाची मालवाहू जहाजं धडाधड बांधणारा, धरणं बांधणारा माणूस, गाड्यांचा अनुभव शून्य. जोसेफ फ्रेझर मात्र विक्रीतला मुरलेला गडी, क्रायस्लर, मग विलीज, मग ग्रॅहम-पेज अशा गाड्यांच्या कंपन्या फिरलेला. १९४५ मध्ये दोघं एकत्र आले, १० डॉलरला एक असे १७ लाख शेअर काढले तर हातोहात खपले. फोर्डने बी-२४ बॉम्बरसाठी बांधलेला मिशिगनचा विलो रन कारखाना भाड्याने घेतला. जानेवारी १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात गाड्या दाखवल्या तर बघायला झुंबड, आणि ऑर्डरी आल्या, कारखान्यातून एक गाडी बाहेर पडायच्या आधी. बघ म्हणजे सुरुवात टकरपेक्षा फार वेगळी नाही, फरक इतकाच की इथे पैशाच्या मागे खरोखर माल आला. १९४६ च्या मध्यात उत्पादन सुरू, सप्टेंबर १९४७ पर्यंत एक लाखावी गाडी. शून्यातून उभ्या केलेल्या कंपनीसाठी हे अचाट आहे.

एजन्सीवाल्याला मात्र एक चुटपुट लागून राहिली असणार. हॉटेलात दाखवलेली कायझर पुढच्या चाकांवर चालणारी होती, ती स्वस्त गाडी आणि फ्रेझर महागडी असं ठरलेलं. पुढच्या चाकांचं जमलं नाही, महाग पडायला लागलं, म्हणून कायझरलाही फ्रेझरचीच बॉडी आणि तेच इंजिन लावलं. मग शोरूममध्ये दोन नावं पण गाडी जवळपास एकच, पुढची जाळी वेगळी, सीटचं कापड वेगळं, आणि कायझर साधारण २१०० डॉलरला म्हणजे बुइकसारख्या महागड्या गाडीच्या पट्ट्यात. सहा सिलिंडर, १०० हॉर्सपॉवर, ऑटोमॅटिक गिअर नाही. १९४७ मध्ये कोण विचारतंय, गाडी आहे ना, दे.

१९४९ मध्ये विचारायला लागले. फोर्ड, जीएम, क्रायस्लरची युद्धानंतरची नवी मॉडेलं आली, कायझरचं मात्र तेच रूप थोडं सजवून. फ्रेझर म्हणाला या वर्षी कमी बनवू, कायझर म्हणाला नाही, जोरात बनवू, आणि कायझरचं चाललं. फ्रेझर बाजूला झाला, हेन्रीचा मुलगा एडगर अध्यक्ष झाला. गाड्या इतक्या उरल्या की १९४९ च्याच गाड्यांना नवीन नंबर ठोकून १९५० चं मॉडेल म्हणून विकायला लावल्या. एजन्सीवाल्याच्या अंगणात दोन वर्षांपूर्वी रांग असायची तिथे आता गाड्या उन्हात उभ्या. सरकारी कर्ज घ्यावं लागलं, त्यातला काही भाग थेट एजन्स्यांकडच्या मालासाठी भांडवल म्हणून होता, यावरून कळेल किती तुंबलेलं असेल.

माझं मत विचारशील तर डायोरामा, म्हणजे हा छोटा देखावा, याचाच कर, आणि १९४७ चा नाही, १९४९ चा. १९४७ चं गजबजलेलं शोरूम कुठल्याही कंपनीचं असू शकतं. १९४९ मध्ये दाराबाहेर चिकटून उभ्या सात-आठ गाड्या, आत दोन, एक सेल्समन काचेतून रस्ता बघतोय. आणि रंगांची चंगळ, कारण या कंपनीने त्या काळात रंग आणि आतल्या कापडांवर फार मेहनत घेतली, एका गुलाबीसर मातकट रंगाचं नाव तर इंडियन सिरॅमिक होतं (आपले इंडियन नाहीत, तिकडचे मूळ रहिवासी). त्याच वर्षीची कायझर ट्रॅव्हलर पण ठेव, मागचं दार वरखाली दोन भागांत उघडणारी, सीट पाडून सामान भरा, आजच्या हॅचबॅकची आजीच म्हण. ती उघडी ठेवलीस तर बघणारा तिथेच थांबेल.

अडचण मॉडेलची. बाजारात कायझर म्हणून दिसतं ते बऱ्याचदा १९५१ नंतरच्या नव्या बॉडीचं, ते १९४९ च्या सीनमध्ये घालू नको, जाणकार लगेच ओळखेल. पहिल्या गाड्या सपाट अंगाच्या, साबणाच्या वडीसारख्या, मडगार्ड बॉडीत मिसळलेली. मिळाली नाही तर बॉडी स्वतः थ्रीडी प्रिंट करावी लागेल, वेळ आणि खर्च दोन्ही धर.

पुढचं काय झालं तेही सांगतो कारण एजन्सीवाला म्हणून निवडायचं असतं तर इथेच फैसला होता. १९५२ मध्ये कंपनीने छोट्या हेन्री जे गाडीला ऑलस्टेट नाव देऊन सिअर्स या मोठ्या साखळीच्या दुकानांतून विकायला काढली, म्हणजे स्वतःच्याच एजन्सीच्या पोटावर पाय, तरी दोन वर्षांत अडीच हजारसुद्धा खपल्या नाहीत. १९५३ मध्ये कायझरने विलीज-ओव्हरलँड विकत घेतली आणि टिकलेल्या एजन्सीवाल्याच्या हातात जीप आली. हीच ती विलीज जीप जी महिंद्रा आपल्या माझगावला १९४९ पासून जोडत होते. १९५५ मध्ये कायझर कारचं उत्पादन अमेरिकेत बंद झालं, साचे अर्जेंटिनाला गेले, पण जीप चालू राहिली. टकरवाल्याकडे असं काहीच नव्हतं.

तुझा भाऊ डेट्रॉइटकडे असतो ना, त्याला इप्सिलँटीच्या गाड्यांच्या म्युझियममध्ये पाठव. ते हडसनच्या जुन्या एजन्सीतच आहे, त्यामुळे फरशी, काउंटर, पार्टचं कपाट सगळ्याचे फोटो मापासकट मिळतील, शिवाय विलो रन बाजूलाच आणि टकरही त्याच गावात राहायचा. खऱ्या टकर एकाच ठिकाणी तीन बघायच्या तर पेनसिल्व्हेनियात हर्शीच्या गाड्यांच्या म्युझियमला जावं लागेल. फोटो काढताना म्हणावं पायाजवळ एक स्केलपट्टी ठेव, मागच्या वेळी पाठवलेल्या फोटोंवरून मी दार बनवलं ते माणसाच्या कमरेएवढं झालं होतं.