पोस्टग्रेसमध्ये हजारो ओळी एकदम भरणं: 'कॉपी' वापरल्यानंतरचा अनुभव

शेतमालाच्या बाजारभावांची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी फाइल) रोज संध्याकाळी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या टेबलात भरायची, हे आमचं ठरलेलं काम. बाजार समिती, तारीख, शेतमाल, वाण, आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर, असे आठ कॉलम. गेला पूर्ण हंगाम हे काम अख्खी फाइल एकदम टेबलात भरणाऱ्या 'कॉपी' कमांडवर चाललंय आणि आता मी मागे जाणार नाही.

आधी ओळी भरणाऱ्या एकाच 'इन्सर्ट' कमांडमध्ये 'व्हॅल्यूज'पुढे ओळींची रांग लावायचो. एकेक ओळ पाठवत बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पण पोस्टग्रेसला एका स्टेटमेंटमध्ये जास्तीत जास्त ६५,५३५ पॅरामीटर (कमांडसोबत पाठवलेली मूल्यं) चालतात, म्हणजे आठ कॉलमला ८,१९१ ओळी. त्यापुढे तुकडे पाडा, हिशेब ठेवा. 'कॉपी'त ही भानगड नाही. जुन्या वर्षांचे भाव भरताना तर वेगातला फरक डोळ्यांना दिसतो.

अडचण एकच, पण मोठी. दराच्या जागी '-' आला की अख्खी फाइल परत. कितव्या ओळीत, कोणत्या कॉलममध्ये अडलं ते एररमध्ये कळतं, एवढं बरं. २०२४ च्या आवृत्ती १७ पासून अशा ओळी वगळून पुढे जाता येतं, पण मला ते पटत नाही. वगळलेली ओळ म्हणजे कुणातरी शेतकऱ्याला त्या दिवशी भाव दिसलाच नाही. शिवाय युनिक कीची टक्कर झाली, म्हणजे एकदाच असायला हवी ती नोंद पुन्हा आली, तर ती सोयही कामाची नाही.

म्हणून फाइल आधी टेम्पररी टेबलात घेतो. सगळे कॉलम टेक्स्ट, सोबत आपोआप वाढणारा ओळ क्रमांक. तिथे साफसफाई करून 'इन्सर्ट सिलेक्ट' आणि 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू अपडेट'नं (नोंद आधीच असेल तर ती बदला) मुख्य टेबलात. इथे एक जागा सांभाळा. लासलगावच्या उन्हाळी कांद्याचा दुरुस्त भाव त्याच फाइलमध्ये खाली पुन्हा आला, तर एका कमांडमध्ये तीच ओळ दोनदा बदलता येत नाही म्हणून पोस्टग्रेस थांबतो. सारख्या नोंदींतली पहिलीच ठेवणारं 'डिस्टिंक्ट ऑन' लावून, ओळ क्रमांक उतरत्या क्रमानं घेतला की शेवटची नोंदच उरते. टेम्पररी टेबलाला ऑटोव्हॅक्यूम (पोस्टग्रेसची आपोआप होणारी देखभाल) हात लावत नाही, तेव्हा फाइल मोठी असेल तर टेबलाची आकडेवारी गोळा करणारी 'अॅनालाइझ' कमांड स्वतः चालवा.

पाचपन्नास ओळी भरून त्यांचे नवे आयडी लगेच हवे असतील तर मात्र भरलेल्या ओळींची मूल्यं परत देणाऱ्या 'रिटर्निंग'सकट साधा 'इन्सर्ट'च घ्या. 'कॉपी' आयडी परत देत नाही.