ओ-रिंग की चपटं गॅस्केट?

दाबपात्राच्या, म्हणजे आत दाब धरणाऱ्या बंद भांड्याच्या, झाकणाला सील कोणतं लावायचं, हे चाचणीत पाण्याचा दाब चढू लागला की कळतं. चपटं गॅस्केट, म्हणजे झाकण आणि पात्राची कड यांच्यामध्ये दाबलेली सपाट कडी, सगळं बोल्टांच्या ताणावर जगतं. आतला दाब झाकण उचलू पाहतो, तसतशी गॅस्केटवरची पकड सैल होत जाते. म्हणून बोल्ट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने आवळायचे. घाई केली की एका बाजूने पाणी पाझरलंच म्हणून समजा.

ओ-रिंगचं, म्हणजे खाचेत बसवलेल्या गोल रबरी कडीचं, उलट. दाब तिला खाचेच्या भिंतीवर रेटतो, त्यामुळे दाब वाढला की सील आणखी घट्ट. पण खाचेत एखादा केस किंवा बारीक ओरखडा राहिला तरी गळती. आणि झाकण व पात्र यांच्यातली फट मोठी असेल तर जास्त दाबाला रबर त्या फटीत घुसतं. उघडून पाहिलं की कडा उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. टेफ्लॉनची आधार-रिंग त्यावर उपाय.

तापमानात मात्र गॅस्केट जिंकतं. ओ-रिंगचं साधं नायट्राइल रबर साधारण १०० अंश सेल्सिअसपुढे कडक पडू लागतं, ग्राफाइटचं गॅस्केट त्याच्या कितीतरी पुढे टिकतं.

वारंवार उघडायच्या चाचणीपात्राला मी डोळे झाकून ओ-रिंग घेईन. चाचणी मात्र पाण्यानेच. दाबलेल्या हवेने भरलेलं पात्र फुटलं तर स्फोटच.