घोडीच्या दाढा घासून घेतल्या : १४ महिन्यांनंतर

गेल्या वर्षी उन्हाळ्यात घोडी वाळायला लागली तेव्हा भावकीतल्या प्रत्येकाने सांगितलं, जंत असतील. जंताचं औषध पाजलं. मग लिव्हर टॉनिक, मग कॅल्शियमची बाटली. तीन महिन्यांत साडेचार हजार गेले आणि फासळ्या तशाच मोजता येत होत्या. ते पैसे अजून डोक्यातून जात नाहीत.

पाचगणीच्या टेबललँडवर माझी घोडी पर्यटकांना फिरवते, वय ११. ऐन सिझनमध्ये ती मान झटकायला लागली. डावीकडे लगाम ओढला की डोकं वर. पाठीवर कुणाचं तरी लेकरू बसलेलं, माझा जीव टांगणीला. मी दोष लगामाला दिला, तोंडातली लोखंडी कडी बदलली. गव्हाणीखाली मात्र रोज कडब्याचे ओले, चघळलेले गोळे पडायचे, लिंबाएवढे. मी ते झाडून टाकत होतो. चावता येत नव्हतं म्हणून ती तोंडातला घास टाकून देत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

ऑगस्टमध्ये दाढा घासायला एकाला बोलावलं. त्याने जीभ बाजूला ओढून धरली, दुसऱ्या हाताने कानस घातली आणि दहा मिनिटांत हजार रुपये घेऊन गेला. आठवडाभर बरं वाटलं. दिवाळीला गोळे पुन्हा सुरू. दाढा घासणं म्हणजे पैसे पाण्यात, असं मी तेव्हा स्टँडवर सगळ्यांना सांगितलं होतं. ते मागे घेतो.

नोव्हेंबरात दुसरे डॉक्टर आले. गुंगीचं इंजेक्शन, कपाळावर बॅटरी आणि माउथ गॅग. हा गॅग म्हणजे जबडा उघडा धरणारी लोखंडी चौकट. पट्ट्या पुढच्या दातांवर बसतात, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या एकेक खाच सरकवत तोंड उघडतात. "आता हात घालून बघा," म्हणाले. घातला. वरच्या दाढांची गालाकडची कड विळ्यासारखी लागली. गालाला आतून रुपयाएवढी जखम होती. खालच्या अगदी शेवटच्या दाढेला आकडा, म्हणजे हुकासारखं टोक, आलं होतं. पहिल्याची कानस तिथवर पोचलीच नव्हती, आणि गॅगशिवाय पोचणारही नाही. म्हणून सांगतो, गॅग नसेल तर पैसे देऊ नका.

घोड्याची दाढ वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर हिरडीतून वर येत राहते आणि चघळून झिजते. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वर गालाकडची आणि खाली जिभेकडची कड झिजायची राहते. दिवसभर चरणाऱ्या घोड्याचा जबडा आडवा फिरतो. आमची घोडी खोगीर चढवून उभी, तोबऱ्यात भरडा, जबडा तेवढा आडवा फिरतच नाही. त्यात मोरकी, म्हणजे तोंडावरचा पट्टा, घट्ट आवळली की गाल त्याच धारेवर दाबला जातो. अकलूजच्या बाजारात वयासाठी पुढचे दात मीही बघितले होते, दाढांकडे कोण बघतं?

त्या दिवशी साडेतीन हजार लागले. गुंगी पूर्ण उतरेपर्यंत चारा द्यायचा नाही, नाहीतर घास नरड्यात अडकतो. घोडी संध्याकाळपर्यंत मान खाली घालून उभी होती, बघवत नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून गोळे बंद. आधी लिदीत बोटभर काड्या आणि अख्खे हरभरे निघायचे. अजूनही मूठभर लीद बादलीत कालवून चाळणीतून गाळतो. बायको ओरडते, पण काडी लांब दिसली की मला लगेच कळतं. आता चोथा बारीक असतो. फेब्रुवारीपर्यंत फासळ्या झाकल्या. मान झटकणं गेलं, म्हणजे नवी कडीही उगाच घेतली.

आकड्यामुळे तिला सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलंय. निरोगी घोड्याला वर्षातून एकदा पुरतं, पण दोन ते पाच वर्षांच्या शिंगराचे दुधाचे दात पडत असतात, त्यालाही सहा महिन्यांनीच दाखवावं. जूनमध्ये पाऊस लागून धंदा बसल्यावर आम्ही पाच जणांनी मिळून डॉक्टरांना बोलावलं, येण्याजाण्याचा खर्च वाटला गेला. पाचातल्या तिघांच्या घोड्यांच्या गालात जखमा निघाल्या. पुढची खेप डिसेंबरात, नाताळची गर्दी लागायच्या आत. अजून कुणाला घोडं दाखवायचं असेल तर आधीच सांगा.