बीओडी इन्क्युबेटर, एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

जंतू ठरावीक तापमानाला वाढवायचं हे यंत्र, लाईन जाऊन परत आली की आपण लावलेलं तापमान विसरतं आणि २० अंशांवर जाऊन बसतं. घाईत असाल तर एवढंच वाचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, डीलरकडे अजून बिल अडकलंय.

लिटर किती, ट्रे किती हे माहितीपत्रकात आहेच. मुद्दा आमच्या खोलीचा. चंद्रपूर जिल्ह्याच्या या टोकाला, ब्रह्मपुरीकडे, मे महिन्यात कुलर लावूनही लॅब चाळिशीच्या खाली येत नाही. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो. ३७ ला लावला आणि खोलीच ४२ ला असली, तर आतले जंतूही ४२ लाच. बीओडीवाला कॉम्प्रेसरने गारही करतो. खरेदी समितीत एका सरांनी विचारलं, "इन्क्युबेटरला कॉम्प्रेसर कायले पाह्यजे?" त्यांना दुपारी दोन वाजता जुन्या इन्क्युबेटरसमोर नेऊन उभं केलं, लगेच सही झाली.

तीन-चार अंशांनी काय बिघडतं, असं वाटेल. आमच्या कामात सगळंच बिघडतं. आम्ही जंतूंची चरबी बघतो. क्षयाचा जंतू फुप्फुसातल्या ज्या पेशींत मुक्काम करतो त्या पेशी चरबीच्या थेंबांनी फेसाळलेल्या असतात. तिथली फॅटी ॲसिड तो ओढतो, कोलेस्टेरॉलही सोडत नाही, वर स्वतःच्या पोटात ट्रायग्लिसराइडचा साठा करतो. १९९८ साली त्याचा जीनोम वाचला तेव्हा चरबीच्या उलाढालीचे सुमारे २५० एन्झाइम निघाले. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जंतूकडे ५० च्या आसपास आहेत. असा साठा करून वाढ थांबवलेला जंतू जनुकात काही बदल नसतानाही औषधाला सहज मरत नाही. एमडीआरची, म्हणजे मुख्य औषधांनाच दाद न देणाऱ्या क्षयाची, गोष्ट वेगळी. तिथे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्हींना न जुमानणारे बदल जनुकातच बसलेले असतात. एमडीआरच्या जंतूने वरून असा साठाही केला, तर डॉक्टरने करायचं काय?

खरा क्षयजंतू आमच्या कॉलेजात वाढवता येत नाही, वाढवूही नये. त्याला बीएसएल-३, म्हणजे कडक सुरक्षेची लॅब, लागते. आम्ही त्याचा गरीब भाऊ, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस, वाढवतो. त्याला नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगते: बेडाक्विलिन हे औषध, जे आज एमडीआरच्या सहा महिन्यांच्या उपचारात आहे, ते स्मेग्मॅटिसवर रसायनं तपासतानाच सापडलं.

पद्धत स्वस्तातली आहे. नायट्रोजन कमी आणि ग्लिसरॉल भरपूर अशा माध्यमात जंतू लठ्ठ करायचे, मग कार्बनच नसलेल्या माध्यमात उपाशी ठेवायचे, काही नळ्यांत औषध घालून. मधूनमधून स्लाइड काढून सुदान ब्लॅक या चरबीच्या रंगाने रंगवायची. थेंब निळे-काळे दिसतात, बाकीचा जंतू सॅफ्रनिनने गुलाबी. नाईल रेड हा रंग जास्त देखणा, पण त्याला फ्लोरोसन्स मायक्रोस्कोप लागतो आणि आमचं बजेट या इन्क्युबेटरनेच खाल्लं. जाता जाता: गुठळ्या होऊ नयेत म्हणून ट्वीन ८० घालायची सवय असेल तर इथे सोडा. त्यात ओलेइक ॲसिड असतं, म्हणजे उपाशी ठेवलेल्या जंतूला आपणच गुपचूप तेल पाजतो. त्याऐवजी टायलोक्सापॉल घ्या.

आता यंत्राकडे. उन्हाळ्यात मी याला पाचपैकी पाच द्यायला तयार होते. बाहेर आग ओकत असताना आत ३७, मी ठेवलेल्या वेगळ्या थर्मामीटरवरही ३७. मग पहिला पाऊस आला, डीपी उडाली, लाईन येत-जात राहिली. सकाळी बघते तर डिस्प्लेवर २०. का, तर हे यंत्र मुळात सांडपाण्याच्या बीओडी चाचणीचं, आणि ती चाचणी पाच दिवस २० अंशांवर चालते. आपल्याकडे तीन दिवस २७ अंशांवरही करतात, पण फॅक्टरीला त्याचं काय! गारठलेला जंतू मंदावतो, साठा वापरायचं थांबवतो. थेंब तसेच राहिले ते औषधामुळे की थंडीमुळे, हे कसं सांगणार? सगळ्या नळ्या ऑटोक्लेव्हमध्ये टाकल्या.

कंपनीचा इंजिनिअर नागपूरहून आला. व्हिजिट चार्ज आधी, चहा नंतर. म्हणाला, "मॅडम, तुमच्याकडे लाईटचा प्रॉब्लेम आहे." हे आम्हाला नवीन होतं का? शेवटी निदान केलं की कंट्रोलरचं पूर्ण कार्ड बदलावं लागेल. वॉरंटीत? नाही, "व्होल्टेजमुळे झालं" म्हणून नाही. कोटेशन बघून त्या दिवशी एक स्टार द्यायचं ठरवलं होतं.

पण बसस्टँडजवळ टीव्ही-इन्व्हर्टर दुरुस्त करणारा एक पोरगा आहे. त्याने मागची पट्टी उघडली, टॉर्च मारला आणि म्हणाला, "मॅडम, याले कायी नाही झालं. सेल बसला हाय." आत घड्याळातल्यासारखा नाण्याएवढा सेल. त्याने दुसरा बसवला, सेलचे तेवढे पैसे घेतले, मजुरी घ्यायलाच तयार नव्हता. तेव्हापासून लाईन कितीदा गेली तरी ३७ म्हणजे ३७.

म्हणून आता साडेतीन. अर्धा कापला तो कार्डाच्या कोटेशनसाठी, पूर्ण एक कापला तो माहितीपत्रकात सेलचा साधा उल्लेखही नाही म्हणून. दाराचं रबर पावसाळ्यात काळं पडतं, पुसून घ्यावं लागतं, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. नव्या फेरीत उपाशी नळ्यांतले थेंब स्लाइडगणिक बारीक होत गेलेले दिसले, विद्यार्थिनी आयपीसला डोळा लावून हटेनात.

घ्यायचंच असेल तर स्टॅबिलायझर सोबतच मागा, वेगळा घेतला की महाग पडतो. आणि डीलरला पैसे देण्याआधी त्याच्याच समोर मेन स्विच बंद करून परत चालू करा.