देवळालीतल्या आमच्या बैठ्या घराला चुन्याचा गिलावा

देवळाली कॅम्पाजवळ चार घरांची एक बैठी कौलारू ओळ आहे, त्यातलं कडेचं घर आमचं. आमचं म्हणजे भाड्याचं, सासऱ्यांपासून. इंग्रजांच्या छावणीमागोमाग दुकानदार, कारकून आले, त्यांना भाड्याने द्यायला बांधलेली ही घरं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे मोरी.

सात वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराने मागच्या भिंतीवर सिमेंट मारून दिलं. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटले आणि आतल्या बाजूला लोणा लागला. भिंत दगड-चुन्याची, दीड फूट जाडीची. ती पावसात ओल घेते आणि उन्हं पडली की सोडते. सिमेंटने बाहेरची वाट अडवली, ओल घरात शिरली. गव्हाची कोठी दोनदा हलवली मी.

यंदा मालकांना विचारून सिन्नरकडच्या एका मिस्त्रीकाकांना बोलावलं. पहिला दिवस ते नुसते भिंतीला तळहात लावत फिरले. मग सगळं सिमेंट छिन्नीने, हलक्या हाताने काढलं, दगड दुखावू न देता. चुना आधीच विरवून मुरत ठेवलेला होता. त्यात चाळलेली वाळू, विटांचा चुरा, गुळाचं पाणी आणि भिजवलेल्या मेथीचा चिकट रस. पातळ थर द्यायचा, ओलं गोणपाट टांगायचं, थांबायचं, मग दुसरा थर. चुना हवेतला वायू शोषून हळूहळू दगड होतो, त्याला घाई चालत नाही, असं ते सांगायचे.

छपराकडेही त्यांनीच लक्ष वेधलं. फुटकी कौलं उतरवताना एक पालथं करून माझ्या हातात दिलं. पाठीवर इंग्रजी अक्षरांत ‘बासेल मिशन, मंगळूर’. जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी १८६५ साली मंगळुरात हा कारखाना काढला. तिथून कौलं जहाजाने मुंबईला यायची. एकाच्या खाचेत दुसरं बसतं, म्हणून वाऱ्याने सरकत नाही आणि देशी नळीच्या कौलांसारखं दर वर्षी शाकारावं लागत नाही. आढ्याजवळ गरम हवा जायला झडप, दोन फूट उंच जोतं, भिंतीवर ऊन पडू नये म्हणून खोल पडवी. मोठ्या बंगल्यांतलंच सगळं, लहान मापात. भाडेकरूंचं घर म्हणून बांधणाऱ्याने विचारात कसूर केलेली नाही, आणि काकांनी दुरुस्तीतही केली नाही.

उणं सांगायचं तर पंचवीस दिवसांचं काम चाळीस दिवस चाललं. खर्च सिमेंटच्या जवळजवळ दुप्पट. रोज संध्याकाळी झाडून जायचे, तरी धूळ भांड्यांत यायचीच. फोन उचलत नाहीत, निरोप ठेवावा लागतो. दमेकरी असतील त्यांनी छिन्नीकामाचे दिवस दुसरीकडे काढावेत.

तरी ज्यांची भिंत चुन्याची आहे त्यांनी चुन्याचाच माणूस शोधावा, हे मी मनापासून सांगते. श्रावणात आठवडाभर झड लागली होती. आठव्या दिवशी ऊन पडलं, दुपारपर्यंत मागची भिंत गडद राखाडीची पांढरी झाली. गव्हाची कोठी पुन्हा त्याच कोपऱ्यात आहे.