एर्टिगाला जोडलेल्या वस्तू : सव्वीस महिने आणि ३८,००० किलोमीटरनंतर

आमची एर्टिगा व्हीएक्सआय सीएनजी नोव्हेंबर २०२३ मध्ये घरी आली. राहायला आम्ही साताऱ्यात, सासरचं घर गुहागर तालुक्यात. त्यामुळे गाडीची खरी परीक्षा कराड, पाटण, हेळवाक, कुंभार्ली घाट, चिपळूण याच वाटेवर होते. गणपती, दिवाळी, शिमगा आणि मे महिना या चारही फेऱ्यांना सातही सीट भरलेल्या असतात : आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा, सासूबाई, दीर आणि जाऊबाई. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते.

गाडी घेतली त्याच आठवड्यात आम्ही ऍक्सेसरीजच्या दुकानात गेलो आणि तीन तासांत बावीस हजारांचं सामान बसवून बाहेर पडलो. त्यातलं निम्मं आज गाडीत नाही. पुढे गरजेप्रमाणे एकेक करून जे घेतलं, ते बरंचसं टिकलं. पहिल्या वेळी गाडी कशी दिसेल हे डोक्यात होतं. नंतर कोण कुठल्या सीटवर बसतं आणि त्याला काय त्रास होतो, हे पाहून घ्यायला लागलो.

सीट कव्हरपासून सुरुवात करते, कारण तिथे चूक झाली तर ती दिसत नाही. साडेसात हजारांची लेदरसारखी कव्हरं घेतली. शिलाई चांगली, रंग आतल्या रंगाला जुळणारा. घरी येऊन मुलाची चाइल्ड सीट लावायला गेले तर आयसोफिक्सच्या, म्हणजे ती सीट गाडीला पक्की अडकवायच्या, कड्या सापडेनात. एर्टिगाच्या मधल्या रांगेत दोन्ही कडेच्या सीटना, बैठक आणि पाठ यांच्या फटीत या कड्या असतात. कव्हर नेमकं त्या फटीवरून ताणून शिवलेलं होतं. बेल्टची बकलंही निम्मी आत गेली होती. दुकानात विचारलं तर म्हणाले, "ताई, सगळ्यांचं असंच असतं, मूल मांडीवर घ्या." हे ऐकून मला खरोखर राग आला. घाटातल्या वळणावर जोराचा ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल कोणाच्याही हाताने धरून राहत नाही. शेवटी शहरातल्या एका सीट शिवणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी कड्यांच्या जागी झाकण असलेल्या चार फटी करून दिल्या आणि बकलं मोकळी केली. सहाशे रुपये घेतले. दोन वर्षांत एक टाका उसवलेला नाही.

आमच्या गाडीत फक्त पुढच्या दोन एअरबॅगा आहेत. २०२५ पासून एर्टिगाच्या सगळ्या प्रकारांत सहा एअरबॅगा येतात, म्हणून नवी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. बाजूची एअरबॅग पुढच्या सीटच्या पाठीच्या कडेतून बाहेर येते. तिथे एअरबॅग अशी छोटी पट्टी शिवलेली दिसेल. कव्हरला त्या बाजूने मोकळी जागा किंवा सहज उसवणारी खास शिवण हवी. दुकानदाराला हे विचारा आणि तो नुसतं "चालतं हो" म्हणाला तर कव्हर घेऊ नका.

आता सगळ्यात स्वस्त वस्तूबद्दल, कारण घरात सगळ्यात जास्त कौतुक तिचंच होतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात. त्यांच्यासाठी आम्ही आधी दाराखाली लांब फूटस्टेप लावल्या होत्या. एर्टिगा मुळात फार उंच नाही, त्यामुळे ती पायरी चढायला उपयोगी पडण्याऐवजी आडवीच यायची. पावसात तिच्यावर चिखल साचायचा आणि उतरताना लुगड्याचा काठ त्यात माखायचा. गावच्या पाणंदीत जांभ्याच्या गडग्याला एकदा डावी पायरी घासली, तेव्हा दोन्ही काढून टाकल्या. त्यांच्या जागी आला साडेतीनशे रुपयांचा हातात धरायचा दांडा. दार मिटताना ज्या लोखंडी कडीत अडकतं, त्या कडीत याचं टोक घालायचं. दार उघडं असतं, दांडा बाहेर आडवा राहतो आणि उतरणाऱ्याला त्यावर सगळा भार टाकून उठता येतं. त्यात स्क्रू नाही की वायर नाही. काम झालं की काढून दाराच्या कप्प्यात ठेवायचा. पूर्वी सासूबाईंना उतरवताना मी एका बाजूने, हे दुसऱ्या बाजूने धरायचो. त्यांना ते आवडत नसे, हे आता कळतं. पाटणला चहाला थांबलो की त्या आता आमच्या आधी उतरलेल्या असतात. घ्यायचाच असेल तर टोक पोलादी असलेला घ्या. पूर्ण प्लास्टिकचा स्वस्त दांडा जाऊबाईंनी माहेरच्या गाडीसाठी घेतला होता, तो महिन्याभरात चिरला.

सगळ्यात मोठा मनस्ताप स्टिरिओने दिला. आमच्या गाडीत मागचे पार्किंग सेन्सर कंपनीचेच होते, पण कॅमेरा नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये नऊ इंची स्क्रीन आणि मागचा कॅमेरा बसवला. दुसरं दुकान होतं, पण घाई तशीच. मिस्त्रीने मूळ कपलर, म्हणजे गाडीच्या वायरी स्टिरिओत खोचायचा तयार प्लग, कापला आणि वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळली. मी समोर उभी होते आणि मला काही वाटलं नाही. त्यावर्षी गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती. ५ तारखेला पहाटे चार वाजता सामान भरून, मुलांना झोपेतच उचलून गाडीत ठेवलं आणि किल्ली फिरवली. नुसता टक् असा आवाज. गाडी चार दिवस शेडमध्ये उभी होती, तेवढ्यात बॅटरी पार उतरली होती. शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या गाडीवरून केबल लावून सुरू केली. वाटेत कुठेही इंजिन बंद करायचं धाडस झालं नाही. आता सीएनजी भरायचा तर इंजिन बंद करून सगळ्यांना खाली उतरावं लागतं. म्हणून तो सबंध प्रवास पेट्रोलवर झाला.

चिपळूणच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावून दाखवलं ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. गाडी कुलूप लावून उभी असतानाही घड्याळ, अलार्म वगैरेसाठी थोडा करंट चालूच असतो, तो साधारण २० ते ५० मिलिअँपिअर. आमच्या गाडीत ३४० निघाला. म्हणजे दिवसाला आठ अँपिअर-तास आणि चार दिवसांत बत्तीस. गाडीची बॅटरी एवढ्यावर हातच टेकणार. कारण साधं होतं. स्टिरिओला दोन वायरी लागतात : एक कायम चालू, फक्त सेटिंग लक्षात ठेवण्यापुरती, आणि दुसरी किल्लीबरोबर चालू-बंद होणारी. मिस्त्रीने दोन्ही एकत्र पिळून कायमच्या वायरीला जोडल्या होत्या. स्क्रीन काळी दिसायची, पण आत यंत्र जागंच असायचं.

दुरुस्तीत मूळ कपलर परत बसवून मधे तयार हार्नेस (वायरींची जुडी) घातली. सुझुकीच्या गाड्यांसाठी अशी हार्नेस सातआठशे रुपयांत मिळते. एका बाजूने गाडीचा कपलर, दुसऱ्या बाजूने स्टिरिओचा, कुठे काही कापावं लागत नाही. त्यानंतर आजतागायत बॅटरी उतरलेली नाही. आणि वॉरंटीचं सांगते : मूळ वायरिंग कापलेलं दिसलं की त्या भागाच्या तक्रारीला हात लावत नाहीत, हे मला सर्व्हिस सेंटरमध्ये नंतर कळलं. आता मी बसवून घेण्याआधी एकच विचारते, "कपलर टू कपलर आहे का?" नाही म्हटलं की निघते. कॅमेरा मात्र फार उपयोगाचा आहे. गावच्या अंगणात कोंबड्या आणि पोरं दोन्ही सेन्सरला वेळेवर कळतातच असं नाही.

टपावरचा कॅरिअर घ्यावा की नाही, यावर आमच्याकडे सहा महिने चर्चा चालली होती. सीएनजीची साठ लिटरची टाकी तिसऱ्या रांगेच्या मागे डिकीत बसते. सातही जण बसले की बॅगा ठेवायला जागाच नाही. एकट्या माणसांच्या गाडीला हे जाणवणार नाही. आम्हाला गणपतीला जाताना कपडे, मखराचं सामान, मिठाई आणि मे महिन्यात येताना आंब्याच्या पेट्या, तांदूळ, कोकम, फणस. नऊ हजारांचा, चारही दारांच्या चौकटीत पकडणारा ऍल्युमिनिअमचा कॅरिअर घेतला. दुकानात टपावर चिकटवायच्या चंदेरी रेलही दाखवतात. त्या दुहेरी टेपवर असतात, फक्त दिसण्यासाठी. त्यांना दोरी बांधून सामान नेलेलं एक कुटुंब घाटात रस्त्यावर कपडे गोळा करताना आम्ही पाहिलं आहे.

कॅरिअर भक्कम आहे, पण त्याच्या सवयी शिकाव्या लागल्या. पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर पकडी थोड्या सैल होतात, म्हणून आम्ही उंब्रजच्या पुढे थांबून परत आवळतो. पकडीच्या रबराखाली धूळ राहिली तर ती रंग खरवडते. बसवण्याआधी ती जागा ओल्या फडक्याने पुसून पारदर्शक फिल्मचा तुकडा लावला की ओरखडे येत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात मागच्या डाव्या दारातून थेंब गळायला लागले, नेमके सासूबाईंच्या खांद्यावर. पकड दाराच्या रबरावर दाबून बसली होती. दोन बोटं पुढे सरकवल्यावर गळती थांबली. साधी ताडपत्री वाऱ्याने फडफडून दोन तासांत फाटते. त्यापेक्षा बंद तोंडाची जलरोधक पिशवी आणि रॅचेटचे, म्हणजे खटक्याने ओढून आवळायचे, पट्टे बरे. रबरी दोऱ्यांचे हूक मी वापरत नाही, सुटला तर डोळ्यावर येतो.

वजन किती टाकायचं याचं आमचं गणित असं : जड ते खाली पायांत, हलकं ते वर. तांदूळ आणि फणस टपावर कधीच नाही, कपडे आणि मखराचं सामान वर. टप जड झाला की वळणावर गाडी कलल्यासारखी होते आणि ते स्टिअरिंगवर स्पष्ट कळतं. गॅसचा फरकही मोजला. कंपनीचा आकडा किलोला २६.११ किलोमीटर. या रस्त्यावर आम्हाला सात माणसांसह २३ मिळतात. भरलेला कॅरिअर असला की १९.५. रिकामा कॅरिअरसुद्धा एक किलोमीटर खातो आणि ऐंशीच्या वर शिट्टी वाजवतो. एका वेळी साधारण आठ किलो गॅस बसतो, म्हणजे टाकीमागे अठ्ठावीस किलोमीटर कमी. कोकणात सीएनजीच्या रांगा पाहिलेल्यांना याचा अर्थ कळेल. म्हणून फेरी संपली की कॅरिअर काढून शेडच्या भिंतीला टांगतो. एकदा तसाच ठेवला आणि पुण्यात नणंदेच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी अडकता अडकता राहिलो.

मॅटबद्दल थोडक्यात. पाच हजारांच्या सेव्हन डी मॅट, म्हणजे सगळी जमीन झाकणाऱ्या जाड मॅट, कोरड्या गावात छान असतील. आमच्याकडे जुलैत पाणी खाली झिरपलं, वरून काही दिसलं नाही आणि ऑगस्टमध्ये गाडीला कुबट वास यायला लागला. मूळ गालिचा तीन दिवस पंख्याखाली वाळवला. आता उंच काठाच्या ट्रेसारख्या मॅट आहेत, उचलून नळाखाली धुता येतात. ड्रायव्हरची मॅट मूळ हुकात अडकलीच पाहिजे, सरकून पेडलखाली जाता कामा नये. चिखल अडवणारे मडफ्लॅप आणि दारावरचे रेन व्हायजर, दोन्ही पैसा वसूल. पावसात काच दोन बोटं उघडी ठेवता येते, म्हणून काचा धुरकट होत नाहीत.

तिसरी रांग मुलीची आणि जाऊबाईंची. ऊन लागतं म्हणून तिथल्या काचांना जाळीचे पडदे लावले होते. काळी फिल्म लावायचा प्रश्नच नव्हता, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच त्यावर बंदी घातली आहे. पडदे लावल्यापासून मुलीला घाटात उलट्या व्हायला लागल्या. आधी आम्हाला खाण्याचा दोष वाटला. मग एका फेरीला तिनेच पडदा ओढून काढला आणि पोफळीपर्यंत ती बाहेर बघत गाणी म्हणत आली. शरीराला वळण कळतं आणि डोळ्यांना हलणारं काही दिसत नाही, तेव्हा पोट ढवळतं. पडदे आता फक्त गाडी उभी असताना लावतो. पडद्यांपेक्षा एका छोट्या पंख्याचा उपयोग जास्त झाला. एसीची छतावरची झडप मधल्या रांगेसाठी आहे, तिची हवा मागे नीट पोचत नाही. मधल्या सीटच्या डोक्याच्या उशीला अडकवलेला यूएसबीचा पंखा ती हवा मागे ढकलतो.

पुढचा लोखंडी बंपर गार्ड दुकानदार फुकटात देत होता, तरी घेतला नाही. केंद्र सरकारने २०१७ च्या डिसेंबरमध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे. धडकेचा धक्का गाडीच्या पुढच्या भागाने चेपून शोषायचा असतो. तो लोखंडातून थेट चासीला गेला तर एअरबॅगचं गणितही बिघडू शकतं. जास्त वॅटचे बल्बही नाकारले. कुंभार्लीतल्या धुक्यात पांढरा झोत समोरच भिंतीसारखा उभा राहतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

डॅशकॅम साडेसहा हजारांचा आहे. आत बॅटरीऐवजी कपॅसिटर असलेला शोधून घेतला, कारण उन्हात तापलेल्या काचेला लिथिअमची बॅटरी फुगते. जोडणी फ्यूज टॅपने, म्हणजे वायर न कापता फ्यूजच्या जागेतून करंट घेणाऱ्या तुकड्याने, किल्लीबरोबर चालू होणाऱ्या फ्यूजवर. सतत लिहिणं सोसणारं खास कार्डच घालावं. साधं कार्ड आमच्याकडे पाच महिन्यांत गेलं आणि ते गेल्याचं कळलंही नाही. गेल्या शिमग्याला एका टेम्पोने मागे येताना आमचा बंपर दाबला. तो माणूस आधी वाद घालत होता, चित्रण पाहिल्यावर शांत झाला आणि जागेवर पैसे दिले.

एक काम अजून राहिलं आहे. पंखा आणि फोनसाठी तिसऱ्या रांगेत चार्जिंगची कायमची सोय हवी आहे, सध्या पुढच्या सॉकेटपासून लांब वायर मॅटखालून नेली आहे. दोन दुकानांनी डिकीतल्या दिव्याची वायर सोलून त्यातून घेऊ असं सुचवलं. मी नाही म्हटलं. चिपळूणचे इलेक्ट्रिशियन पुढच्या फ्यूज बॉक्समधून, वेगळा फ्यूज घालून, दाराच्या पट्टीखालून वायर नेऊन देणार आहेत. शिमग्याला गेलो की ते काम करून घेणार.